दांडीवरच्या रेघा
ऑइलपेंटचा वास आला की मला पाथरीच्या घराच्या ओसरीत उलटी करून ठेवलेली वडिलांची सायकल आठवते. गुडघे गेल्यामुळे त्यांना ती चालवता येईना, आणि जुन्या लोखंडी सायकलींना शहरात शौकीन गिऱ्हाईक मिळतं असं ऐकून मी ती विकायचा हट्ट धरला. ते कसेबसे हो म्हणाले. चांगला भाव यावा म्हणून, ते गावाला गेलेले असताना, मी पॉलिश पेपरनं जुना रंग पार घासून काढला आणि चकचकीत काळ्या रंगाचे दोन हात दिले. ते परतले त्याच दुपारी परभणीहून व्यापारी आला. त्यानं किल्लीनं लोखंड वाजवून पाहिलं, खालचा नंबर वाचला, मग दांडीवरून बोट फिरवून वडिलांकडं बघत हळहळला. "हिचं सगळं मोल कंपनीच्या मूळ रंगात होतं, मास्तर. कुणी घालवलं हे?" मी मान खाली घातली. तो तसाच निघून गेला. वडील मात्र दांडीजवळ बसले आणि नखानं नवा रंग खरवडायला लागले. "हितं तिच्या बांगड्यांच्या रेघा होत्या," एवढंच म्हणाले. माझी धाकटी बहीण ती दांडी घट्ट धरून त्यांच्यापुढं बसायची, रोज शाळेत जायची. तिसरीत असताना तापानं गेली. रंगाखाली नुसतं लोखंड निघालं. आता वडीलही नाहीत. सायकल आहे. त्यांनी खरवडलेल्या बोटभर जागेवर गंज चढलाय, आणि तो पुसायला माझा हात धजत नाही.