स्वखुशीने

कार्यशाळेचा दुसरा दिवस. मुलुंडच्या आमच्या शाळेचा हॉल, एसी चालू, खुर्च्या गोलात मांडलेल्या. पडद्यावर विषय लिहिलेला: शालेय नेतृत्वासाठी सामाजिक आणि भावनिक कौशल्यं. प्रशिक्षक बाईंनी मला मधे उभं केलं. नाटकात मी मुख्याध्यापिका. समोर माझी सहकारी वीणा, चिडलेली पालक. प्रसंग करून दाखवायचा होता.

वीणा ओरडली, "माझ्या मुलाला मारलं कोणी? झोपा काढता का तुम्ही इथे?"

मी म्हणाले, "आवाज खाली करा. बसा. मग बोलू."

बाईंनी टाळी वाजवून थांबवलं. "आता सांगा, यात सहानुभूती कुणाला दिसली?"

 संस्थेचे कार्यवाह कडेला बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अहो मॅडम, यांच्या लोकांत राग जन्मतःच असतो. त्याला ट्रेनिंग काय करणार?"

हॉल हसला. वीणा हसली. प्रशिक्षक बाई हसल्या आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली.

मीही हसले.

हे सांगताना आज मला काही होत नाही. तेव्हाही झालं नाही. मी जाऊन खुर्चीवर बसले. आपल्या मनात आत्ता काय चाललंय ते रंगवायला एक कागद दिला होता. राग लाल, दुःख निळं, आनंद पिवळा. मी कागद कोराच परत दिला. बाई म्हणाल्या, "थोडं ओपन अप व्हायला हवं तुम्ही."

मी गोवंडीत वाढले. आम्ही बौद्ध. वडील पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर होते. गणितात बीएस्सी केलं, बीएड केलं, या शाळेत लागले त्याला बावीस वर्षं झाली. आडनाव कळलं की इथे कुणी पुढचं काही विचारत नाही. त्यांचं काम झालेलं असतं. स्टाफरूममध्ये "तुमचं बरं असतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पंख्याच्या आवाजासारखं झालंय. चालू असतं. ऐकू येत नाही.

आमचे मुख्याध्यापक मे महिन्यात रिटायर होणार होते. शाळा अनुदानित. सेवेत जो ज्येष्ठ, पद त्याचं. यादीत पहिली मी. दुसरी वीणा, माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेली. मला डावलायचा सोपा रस्ता एकच होता. मीच लिहून द्यायचं की मला पद नको.

कार्यशाळेनंतर आठ दिवसांनी कार्यवाहांनी बोलावलं. समोर बसवलं. चहा मागवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुमचं गणित उत्तम, त्याबद्दल वादच नाही," ते म्हणाले. "पण मुख्याध्यापक म्हणजे माणसं सांभाळायची. पालक, ट्रस्टी, अधिकारी. प्रशिक्षक मॅडमचा रिपोर्ट आलाय. तुम्हाला त्रास होईल हो. आम्हाला तुमची काळजी आहे."

मग एक कागद पुढे केला. टाइप केलेला. वैयक्तिक कारणास्तव मी स्वखुशीने मुख्याध्यापकपद नाकारत आहे. खाली माझं नाव. फक्त सही करायची राहिली होती.

"घरी जाऊन वाचते," मी म्हणाले.

"वाचण्यासारखं काय आहे त्यात?" ते म्हणाले. पण दिला.

तीन दिवस तो कागद पर्समध्ये, डब्याच्या पिशवीखाली. मला ना राग आला, ना रडू. तास घेतले. पेपर तपासले. खरं सांगते, मी सही करणार होते. वीणा म्हणाली, "अगं, देऊन टाक ना. कशाला डोक्याला ताप? तुला काय पडलंय त्या खुर्चीचं?" मला पटलंही. वीणा वाईट नाही. माझ्या आजारपणात तिने माझे वर्ग घेतले होते. मी पेन काढलं होतं, तेवढ्यात तिला ऑफिसमधून निरोप आला. नववीतल्या एका मुलीची आई आली होती. मुख्याध्यापक रजेवर, त्यांचं काम वीणा बघत होती. वीणा म्हणाली, "तू पण चल, वर्गशिक्षिका तूच आहेस."

मुलगी सानिका. तिने वर्गातल्या एकीला थोबाडीत मारली होती. ती सानिकाला रोज "कचरापट्टी" म्हणायची. मला हे माहीत होतं. मी दोन्ही मुलींशी बोलले होते, लेखी नोंदही केली होती. सानिकाची आई घाटकोपरच्या एका मॉलमध्ये हाउसकीपिंगला. युनिफॉर्मवरच आली होती, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून.

वीणाने तिला खुर्ची दिली. पाणी दिलं. डोळ्यांत बघून, हळू आवाजात, कार्यशाळेत शिकवलं अगदी तस्सं बोलली. "ताई, मी तुमच्या जागी स्वतःला ठेवून बघते. तुमची धावपळ मला कळते. पण सानिकाला इथे झेपत नाहीये. दहावीला तिच्यावर प्रेशर येईल. तुमच्या घराजवळच्या शाळेत ती जास्त खूश राहील. दाखला आम्ही लगेच देऊ."

एक शब्द चढा नाही. चेहऱ्यावर हसू. आणि मुलगी शाळेबाहेर.

सानिकाची आई म्हणाली, "हो मॅडम. बरोबर आहे मॅडम." आणि हसली.

ते हसू मी ओळखलं. हॉलमध्ये माझ्या तोंडावर होतं, तेच. कुणी आपल्याला उचलून बाहेर ठेवत असताना त्याला अवघडल्यासारखं वाटू नये, म्हणून आपण हसतो.

मी म्हणाले, "दाखला मिळणार नाही. सानिका याच शाळेत दहावी करणार. त्या मुलीच्या पालकांनाही बोलवायचंय. तुम्ही उद्या तिला वर्गात पाठवा, ताई."

वीणा माझ्याकडे बघत राहिली. सानिकाच्या आईचं हसू गेलं. तिने मला विचारलं, "नक्की ना मॅडम?"

"नक्की."

तिथूनच मी कार्यवाहांकडे गेले. कागद टेबलावर ठेवला.

"सही नाही केलीत?"

"नाही. करणार नाही."

"बघा," ते म्हणाले. "हाच तो राग."

"राग नाही साहेब. सेवाज्येष्ठता आहे."

दुसऱ्या दिवशी सानिका वर्गात बसली होती. मी अर्धा दिवस रजा टाकून शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात गेले. पदावरचा दावा लेखी दिला. हॉलमधलं ते वाक्यही लिहिलं, जसंच्या तसं, कोण कोण हजर होतं त्यांच्या नावांसकट. पोच घेतली.

जूनपासून माझ्याकडून दहावीचं गणित काढून घेतलंय. पाचवीला चित्रकला देतात. स्टाफरूममध्ये मी गेले की गप्पा थांबतात. वीणा प्रभारी आहे. एकदा जिन्यात म्हणाली, "मी तुझं काय वाकडं केलं गं?" मी म्हणाले, "विचार कर." सुनावणीची तारीख दोनदा पुढे गेली. मध्यस्थ येतात, समजुतीने घ्या म्हणतात. चहा पाजतात. मी चहा पिते आणि नाही म्हणते.

पद मिळेल की नाही, मला माहीत नाही. आतलं बधिरपण अजून पुरतं गेलेलं नाही. पण एवढं पक्कं आहे. त्यांना मी नको असेन तर तसं त्यांनी स्वतःच्या नावाने म्हणावं, कारण लिहावं आणि खाली स्वतःची सही करावी.

माझी मिळणार नाही.