सेन्सरची उलटतपासणी

देवरीत माझं शिवणकामाचं दुकान आणि श्यामलाल पटल्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, मध्ये एकच भिंत. पलीकडच्या हॉर्नच्या पिरपिरीनं माझं डोकं कित्येकदा उठलंय. तरी मी या माणसाचं कौतुक करायला बसलेय, तेव्हा काहीतरी घडलं असणार एवढं धरून चाला.

श्यामलालभाऊ मूळचे आमगावकडचे. तरुणपणी गोंदियात राइस मिलच्या जळक्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानात लागले. तिथल्या उस्तादाचा एकच हट्ट होता. मोटार जळली म्हणून लगेच तार गुंडाळायला बसायचं नाही, आधी ती का जळली ते शोधायचं. बाकीचे कारागीर या हट्टाला कंटाळून पळाले, श्यामलालभाऊंना मात्र त्याचं वेडच लागलं. मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीऐवजी छताचा पंखा हळू का फिरतो तेच बघत बसले, असं त्यांची बायको नूतन सांगते. कौतुकानं नाही, तक्रार म्हणून.

दुकानात गाडी आली की हे आधी नुसते उभे राहतात. बॉनेट उघडं, हात मागे बांधलेले. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मला तर वाटायचं, माणूस उभ्याउभ्या झोपतो की काय!

गेल्या उन्हाळ्यात चिचगडच्या पुनाराम सयामची गोंदियाला निघालेली गाडी चार जणांनी ढकलत आणली. त्याची बायको दुर्पताबाई हिच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला गोंदिया गाठावं लागतं. येताना तिच्यात बसमध्ये उभं राहायचं बळ उरत नाही, म्हणून पुनारामनं जुनी गाडी घेतली होती. ती गाडीच आता कुठेही बंद पडत होती. दोन नव्या बॅटऱ्या झाल्या, चालत्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर बदलून झाला. मागच्या खेपेला तर येताना जंगलात थांबली आणि दुर्पताबाई रस्त्याकडेला चादरीवर पडून राहिली.

सावली म्हणून मी तिला माझ्या दुकानात बसवलं. पाणी दिलं, ते तिनं घोटभरच घेतलं. डायलिसिसवाल्यांना पाणी मोजूनच प्यावं लागतं.

"आता नाही जात मी गोंदियाले," ती म्हणाली. "घरीच पडून राहीन. याहीले म्हणा, गाडी घराकडं वळवा."

"काऊन असं बोलता, बाई?"

"त्या रस्त्यावर पडून मरन्यापरीस घरी मेलेली बरी."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाई खरंच सगळं सोडून मोकळी झाली होती, आणि मला धडकी भरली. मी उठून पलीकडे गेले, श्यामलालभाऊंना म्हटलं, "आज तरी झोपू नका!"

ते नेहमीसारखेच उभे होते. मग त्यांनी दुसरी बॅटरी लावली, गाडीच्या कॉम्प्युटरला काय कळतंय ते दाखवणारा स्कॅनर जोडला आणि इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावले.

"पुनाराम, आता बॅटरीतून करंट बाहेर चालला का आत येऊन राहिला?"

"बाहेरच जाईल ना जी. इंजिन तं बंद आहे."

"मंग हे पाहा."

स्कॅनर सांगत होता, बॅटरी चार्ज होते आहे. भाऊंनी चिमट्यासारखा मीटर बॅटरीच्या केबलभोवती धरला. मीटर म्हणाला, करंट बाहेर जातो आहे. तार एकच आणि हकिकती दोन. पण त्यांनी मीटरवरही विश्वास ठेवला नाही. आधी स्वतःच्या गाडीवर तो तपासला, तेव्हा कुठे मान हलवली.

बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर काडेपेटीएवढा एक डबा असतो. तो करंट सेन्सर. बॅटरीत किती आलं, किती गेलं ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर त्यावरून अल्टरनेटरला कामाला लावतो. हा डबाच 'बॅटरी भरते आहे' म्हणून सांगत होता, म्हणून अल्टरनेटर निवांत बसायचा आणि बॅटरी चालत्या गाडीत रिकामी व्हायची. मला चटकन कळलं. माप घ्यायची टेपच ताणली गेली असेल, तर कापड कितीदा बदललं तरी ब्लाउज बसणार नाही.

भाऊ त्या टोकावरून बोट फिरवत होते. "इथं गोटा कोनं मारला?"

पुनाराम गोंधळला. "मीच मारला. कचारगडच्या जत्रेत डेऱ्यावर उजेड पाहिजे होता, म्हणून बॅटरी काढली. परत बसवताले पाना सापडेना. टॅक्टरची आपण गोट्यानं ठोकूनच बसवतो ना!"

बसवतोच. आमच्याकडे सगळेच बसवतात, आणि कुठल्या ट्रॅक्टरनं कधी कुरकुर केली नाही. पण या टोकावर तो नाजूक डबा होता. जत्रेनंतरच हे दुखणं सुरू झालं होतं. पुनारामचा चेहरा पडला. "माह्याच हातानं झालं म्हणजे," तो पुटपुटला.

"मालूम नव्हतं तुले. हेडलाइट बंद कर, गाडी चालू कर," भाऊ म्हणाले.

गाडी चालू झाली. त्यांनी सेन्सरचा प्लग काढला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि केबलभोवतीचा मीटर आता सांगू लागला, करंट आत येतो आहे. खोटं सांगणारा गप्प बसल्यावर कॉम्प्युटरनं अल्टरनेटरला सरळ कामाला जुंपलं होतं. काही जोडलं नव्हतं, काही बदललं नव्हतं, एक प्लग काय तो काढला होता.

भाऊ माझ्या दुकानात दुर्पताबाईपुढे येऊन उकिडवे बसले. "बाई, नवीन सेन्सर मागवतो. तोवर अशी चालन. आज जाऊन या."

"मंधात थांबली तं?"

"मी मागून येतो ना माह्या गाडीनं."

दुर्पताबाई माझ्या खांद्याला धरून उठली. भाऊंनी खरंच दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्या मागे गेले.

दोन्ही गाड्या संध्याकाळी परत आल्या, तेव्हा मी बाहेरच उभी होते. पुनारामनं गाडी थांबवली, पण इंजिन बंद करेना. गोंदियातही त्यानं ते बंद केलं नव्हतं. दुर्पताबाई मागच्या सीटवर झोपली होती. श्यामलालभाऊंनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली, तशी गाडी गप्प झाली. पुनारामनं डोळे मिटून घेतले.

"आता लाव."

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला धडधडलं. पुनाराम रडत होता, आणि मागे दुर्पताबाईची झोप जरासुद्धा मोडली नव्हती.