आतल्या रेघा

दुपारचे अडीच वाजले आहेत. शालनताई हॉलमधल्या दिवाणावर आडव्या झाल्या आहेत. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं स्वतःला बजावून. समोर टेबलावर नातीचं कागद कापायचं यंत्र आहे आणि त्याच्यापुढं सोनेरी कार्डाचे तुकडे पडलेत. म एकीकडे, ज दुसरीकडे, वेलांट्या कुठं तरी, आणि वरची रेघ तर दात पडलेल्या कंगव्यासारखी.

नातीचं, म्हणजे मंजिरीचं, लग्न चार दिवसांवर आलंय. ती आणि तिची आई कोल्हापूरला ब्लाउज आणायला गेल्यात, सहापर्यंत येतील. तोवर रुखवतात उभं करायचं मंजिरीचं नाव कापून तयार व्हायला हवं. तेही कॉम्प्युटरच्या ठोकळेबाज अक्षरांत नाही, द्वारकेच्या वळणात आणि अखंड एका तुकड्यात. यंत्र कसं चालवायचं ते शालनताईंनी नातीच्या मागं उभं राहून पाहून ठेवलंय. तीन कार्डं वाया गेलीत. चौथं शेवटचं.

द्वारका म्हणजे त्यांची नणंद. बाविसाव्या वर्षी नवऱ्यानं माहेरी आणून सोडली ती कायमची. कराडच्या मंगळवार पेठेतले गणपती आणि लग्नं तिनं चाळीस वर्षं सजवली. तापलेल्या तारेनं ती थर्माकोलची अक्षरं कापायची. तार एकदा शीटमध्ये शिरली की नाव संपल्याशिवाय बाहेर काढायची नाही, हा तिचा नेम. शालनताई शीट धरायच्या, तार तापवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं बटण सांभाळायच्या. तार मात्र त्यांच्या हातात कधी आली नाही.

मंजिरी चार वर्षांची असल्यापासून द्वारका सांगायची, हिच्या लग्नाची अक्षरं मी कापणार. तीन वर्षांपूर्वी, शेवटच्या आजारपणात, दवाखान्यातून घरी न्या म्हणून तिनं धोशा लावला. पलंगाखाली एक शीट जपून ठेवलंय, आत्ताच कापून ठेवते, म्हणाली. शालनताईंनी नको म्हटलं. लग्न ठरायच्या आधी पोरीचं नाव कापणं बरं दिसत नाही. बऱ्या व्हा, मग कापा. द्वारका बरी झाली नाही, आणि पलंगाखालचं शीट पुढं भंगारात गेलं. शालनताईंना सगळं आठवतं, कुणाच्या लग्नात जिलबी कमी पडली होती तेही. पण हे आठवलं की त्या जागच्या जागी कूस बदलतात.

आत्ताही बदलतात. पंख्याचा आवाज खाली खाली येतो, जड होतो, घुं घुं करायला लागतो. ट्रान्सफॉर्मर असाच घुमायचा. जळक्या थर्माकोलचा गोडसर वास येतो.

"दार लोटून घ्या, वहिनी. वाऱ्यानं तार गार होते."

दिवाण जुन्या घराच्या पडवीत आहे. ते घर विकून अठरा वर्षं झालीत, पण पत्र्यातून ऊन तसंच गोल गोल पडलंय. द्वारका पाटावर बसली आहे, निळं व्हॉईल नेसलेली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. शालनताईंना तिच्या तिथं असण्याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते तिनं मांडी घातल्याचं. शेवटची दहा वर्षं तिला गुडघा वाकवता येत नव्हता.

द्वारकेच्या पुढ्यात सोनेरी तुकडे आहेत. ती एकेक उचलून उजेडात धरते. हा म शालनताईंच्या मुलाच्या, मधुकरच्या, मुंजीतला, ही जि महिला मंडळाच्या पाटीवरची, आणि री गौरींच्या मखरातली. बरोबर ओळखते.

"अक्षरं माझी आणि बसवलीत तुम्ही," ती म्हणते. "रुसलेल्या जावा दिसतायत. एकीचा पदर दुसरीला लागू देईना."

शालनताई आपली बाजू मांडतात. ट्रंकेतले द्वारकेचे कागदी खाके काढले, मोबाईलवर फोटो घेतले, यंत्रात घातले. अक्षराला अक्षर टेकवलं, रेघेवर रेघ चढवली. पडद्यावर तर छान जुळलेलं दिसत होतं. कापलं की सुटतं.

"यंत्राला काय कळतंय. तुम्ही दाखवाल तिथं ते सुरी फिरवणार." द्वारका तुकडे खाली ठेवते. "चहा टाका, वहिनी."

चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. खाका शीटवर टाचण्यांनी बसला, तार अजून गार आहे, की द्वारका म्हणायची चहा टाका. शालनताई कप घेऊन येईपर्यंत तार तापलेली असायची आणि पहिलं अक्षर निम्मं कापून झालेलं असायचं.

त्या सवयीनं शालनताई उठतात. स्वयंपाकघराचं दार ढकलतात तर आत दवाखाना आहे. स्टुलावर चहाचं भांडं, सलाईनच्या नळीला फडकं वाळत घातलेलं. कॉटवर द्वारका आहे, हाताला पट्टी.

"पलंगाखाली शीट आहे," ती म्हणते.

शालनताईंच्या तोंडावर तेच जुनं वाक्य येतं. त्या ते गिळतात, कंबर धरून वाकतात. शीट आहे. कोपरा धरून ओढतात तर ते येतच राहतं, पांढरं, हलकं, संपतच नाही. ओढता ओढता त्या उलट्या पावली रस्त्यावर येतात. ती मंगळवार पेठच, पण दुकानं सगळी बंद आणि माणूस एक नाही. एका गच्चीपासून समोरच्या गच्चीपर्यंत दोरी बांधलेली आहे. तिच्यावर धुण्यासारखी अक्षरं वाळत घातलीत, पुरुषभर उंचीची. वाऱ्यानं हलतात, पण एक सुटत नाही.

द्वारका खाली उभी आहे, तोंडात चिमटे धरून. ते काढते आणि म्हणते, "आधी दोरी बांधायची. एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिच्यात अक्षरं खुपसायची. तुमच्या अक्षरांतली प्रत्येक बाई आपापली दोरी घेऊन आलीय, मग कशी व्हायची एक?"

शालनताईंना ते पटतं. इतकं सोपं होतं म्हणून थोडा रागही येतो.

"झालं," द्वारका म्हणते. "आता चहा टाका."

शालनताई वळतात. दोन पावलं जातात आणि थांबतात. मग परत येऊन पाटाशेजारी बसतात, कारण पाट तिथंच आहे, आणि पत्र्यातलं ऊनही.

"आज नाही टाकत. आज मी इथंच बसते."

द्वारका चष्म्यावरून त्यांच्याकडं बघते. रागावेल असं वाटतं. पण तिच्या ओठांचा कोपरा हलतो.

"चाळीस वर्षं लागली तुम्हाला हे म्हणायला."

ती कनवटीतून खोडरबर काढते. म दोरीत शिरतो तिथं, मच्या अंगावरून दोरीची रेघ गेलेली आहे आणि दोरीवरून मची. द्वारका त्या आतल्या रेघा खोडते. नुसती बाहेरची कड राहते, सलग, मवरून जिवर, जिवरून रीवर, कुठंही न अडकता.

"बाहेरून बघणाराला आतली रेघ दिसत नाही. पण तार तिच्यावरूनही जाते," ती सांगते. "म्हणून आधी खोडायची. आणि खोडण्याआधी नाव एकदा वाचायचं, मोठ्यानं. एकदा जुळलं की मग काना इकडचा तिकडं होत नाही."

खोडरबराचे काळे कण खाक्यावर पडतात. शालनताई ते बघत बसतात. हे कण त्यांनी हजार वेळा बघितलेत. चहाचे कप ठेवायच्या आधी फुंकर मारून उडवलेत, आणि एकदाही विचारलं नाही की हे आले कुठून. मग त्यांना मंजिरी आठवते. ती कापायच्या आधी सगळी अक्षरं एकदम धरते, एक बटण दाबते, आणि पडद्यावरच्या आतल्या रेघा पटकन नाहीशा होतात. वेल्ड म्हणतात त्याला. हेही त्यांनी बघितलं होतंच.

"मला का नाही शिकवलंत, वन्सं?"

द्वारका कण तळहातानं गोळा करते.

"तुम्हाला घर होतं, नवरा होता, मुलगा होता. मला एवढंच होतं, वहिनी."

ती हे जेवायची वेळ सांगावी तसं सांगते. मग शालनताई ते दुसरं बोलतात, तीन वर्षांपूर्वीचं.

"त्या दिवशी मी तुम्हाला कापू द्यायला हवं होतं."

"हो," द्वारका म्हणते. "द्यायला हवं होतं."

ती समजूत घालत नाही. बरंच वाटतं शालनताईंना. समजूत घातली असती तर ती द्वारका नव्हेच.

"आता तुम्ही कापा. हात काय वाईट नाही तुमचा."

एवढी तारीफ चाळीस वर्षांत झाली नव्हती. शालनताई लगेच त्याचा फायदा घेतात. मच्या डोक्यावरचं टिंब कशाला जोडायचं, विचारतात. ते तर हवेतच असतं, दोरीला टेकत नाही.

"ते राहू द्या. टिंब मी नेहमी मागाहून हातानं लावायची. ते मी लावते," द्वारका म्हणते आणि ट्रान्सफॉर्मरचं बटण बंद करते.

पंखा फिरतो आहे. सव्वातीन झालेत. शालनताई उठून टेबलापाशी बसतात, चष्मा पुसतात. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा काढून टाकतात. एक लांब पट्टी ओढतात, तिच्यात तिन्ही अक्षरं खालून वर सरकवतात. रिकाम्या घरात मोठ्यानं वाचतात, मंजिरी. पुन्हा एकदा वाचतात. मग सगळं एकदम धरून बटण दाबतात, आणि आतल्या रेघा जातात.

शेवटचं कार्ड यंत्रात सरकतं. पातं मच्या गाठीशी घुटमळतं, पुढं जातं, कुठंही मागं येत नाही. कापून होतं तेव्हा शालनताई एक टोक चिमटीत धरतात आणि उचलतात. पूर्ण नाव उचललं जातं, थोडं झुलतं, पण सुटत नाही.

टिंब तेवढं कार्डात राहिलंय, सोनेरी, शर्टाच्या गुंडीएवढं. ते नखानं काढायला त्या पुढं वाकतात, तर पदराला काहीतरी पांढरं चिकटलेलं दिसतं. थर्माकोलचा गोल तुकडा. गुंडीएवढाच. कडेनं तारेनं जळल्याची तपकिरी रेघ.

सरकारनं थर्माकोल बंद केलंय, आणि पलंगाखालचं शीट गेल्यापासून या घरात त्याचा कणही नाही. सकाळी ट्रंक उपसली होती, खाक्यांच्या घडीत अडकून आला असेल. असेल किंवा नसेल. शालनताई त्याला थेंबभर फेव्हिकॉल लावतात आणि मच्या डोक्यावर, रेघेपासून जरा वर, मागं पट्टी देऊन बसवतात. बोट दाबून साठ आकडे मोजतात, द्वारका मोजायची तसे. सोनेरी टिंब कार्डातच राहू देतात.

मग त्या उठतात आणि चहा टाकतात.