मागचं डावं चाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते माझं मलाही कळत नाही.

माझं गॅरेज पडेगावला, दौलताबाद रस्त्याच्या कडेला. आता पुतण्या बघतो, मी नुसता खुर्ची टाकून बसतो. पण कुणी ब्रेक तपासायला गाडी आणली, की मी उठतो. गिऱ्हाइकाला चहाला जाऊ देत नाही. इथंच थांबा म्हणतो. चारी चाकं उतरली पाहिजेत, चाकांमागचे ब्रेकचे ड्रम निघाले पाहिजेत. आतलं लायनर किती झिजलंय, स्वतःच्या डोळ्यानं बघा. आत ओल दिसते का, बोट लावून बघा. आणि ब्रेकचं ऑइल कमी भरलं, तर मिस्त्रीला विचारा – गेलं कुठं? ते काही हवेत उडून जात नाही. शेवटी गाडी रस्त्यावर काढून, दाबून बघा. मग पोरंबाळं बसवा.

लोक म्हणतात, मिस्त्री लई चोख माणूस.

चोख. 

किसनचं सांगतो. किसन माझा जुना दोस्त. घरची मेंढरं भावाकडं सोपवून तो जीप चालवायला लागला – खुलताबाद, वेरूळ, दिवसभर सवाऱ्या. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. त्याची बायको भागाबाई सोयगावची. तिच्या भावाचं लग्न निघालं. सोयगावला जायचं म्हणजे वाटेत अजिंठ्याचा घाट उतरावा लागतो. म्हणून आदल्या दिवशी त्यानं जीप माझ्याकडं आणली.

"मिस्त्री, पायडल जरा खाली जातंय. घाट हाय, बायको-पोरगं संगं हाय. चारी चाकं खोलून बघ." एवढं म्हणून तो लग्नाचा आहेर आणायला गावात गेला.

पुढची दोन्ही चाकं मी खोलली. ठीक होती. मागचं उजवं खोललं – तेही ठीक. मागच्या डाव्याचा ड्रम गंजून घट्ट बसला होता. हातोडीचे घाव घातले, हलेना. ऊन मी म्हणत होतं. जेवायची वेळ झाली होती. ड्रम तापवून काढायचा म्हणजे आणखी खटपट – आणि मी हातोडी खाली ठेवली. आळस. दुसरं काही नाही. ऑइल कमी होतं, ते भरलं, ब्रेकच्या नळीतली हवा काढली. पायडल वर आलं. ऑइल कमी का झालं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी तेव्हा काही शिकाऊ नव्हतो.

किसन परत आला. मी सांगितलं, "चारी खोलली. बिनघोर जा."

घाटात ब्रेक गेला. दरीच्या बाजूला जाऊ नये म्हणून किसननं जीप डोंगरावर घातली. डावी बाजू दगडावर चेमटली. भागाबाई डावीकडं बसली होती. ती जागीच गेली. किसनचा पाय मोडला. मुलगा संतोष मागं झोपला होता. त्याला खरचटलं फक्त.

पोलिसांचं झाल्यावर जीप ओढून माझ्याच गॅरेजला आणली. दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी एकटा होतो. मी त्या चाकाचा ड्रम तापवला – आता तापवला! – आणि काढला. आत सगळं ऑइलनं माखलेलं. त्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरचं रबर फाटलेलं. मग मी केबिनमध्ये बघितलं. गिअर दुसऱ्यात अडकलेला होता. म्हणजे बिचाऱ्यानं गाडी गिअरात धरून घाट नीट, रीतीनं उतरवला होता.

मी आतलं पेट्रोलनं पुसून काढलं. रबर बदललं. ड्रम बसवून टाकला.

पाय जरा बरा झाल्यावर किसन आला, कुबडीवर. बसलाही नाही. "मिस्त्री, तू चारी चाकं खोलली व्हती ना?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी म्हणालो, "व्हय. तूच डिझेल वाचवायला गिअर काढून न्यूट्रल केलं असशील उतारावर."

तो "नाय रे," म्हणाला. मग दारातून वळून म्हणाला, "केलं असंल का?"

सोयगावच्या लोकांनी तेच धरलं – जावयानं डिझेलपायी आमची पोरगी मारली. संतोषला ते मामाकडं घेऊन गेले. तो तिथंच वाढला, पुढं चितेगावला कंपनीत लागला. बापाशी बोलायचा नाही. किसननं पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. आणि ऐका – काही वर्षांनी तो स्वतःच सांगायला लागला. कुणी विचारलं की म्हणायचा, मी न्यूट्रल केलं, मला आठवतंय. हात कसा गेला, तेसुद्धा दाखवायचा. माझ्यासमोर दाखवायचा! मी बघत राहायचो. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी किती वेळा गिळला?

भीती होती, अब्रू होती, गॅरेज होतं. पण ही कारणं मी तुमच्यापुढं ठेवत नाही. भागाबाईच्या हातची भाकर मी खाल्ली होती.

किसन गेला, त्याला फार दिवस नाही झाले. शेवटी मी जवळच होतो. दवाखान्यात त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "मिस्त्री, तूच खरं बोलला व्हतास." मी हात काढून घेतला नाही.

संतोष मातीला आला. बापाकडं बघत बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडं आला, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "काका, ह्या माणसाला तुमच्याशिवाय कुणी नव्हतं."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.