नळासाठी बेचाळीस कडवी

आरंभीच क्षमा मागतो. ज्याने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचे लेखन सुवाच्य अक्षरात उतरवून देण्यापलीकडे काही केले नाही, त्याने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःचे काही लिहावे, हे माझे मलाच पटत नाही. हे छापले गेले तर अक्षराचा आधारही उरणार नाही, याचीही जाणीव आहे. परंतु ज्या कवींविषयी लिहायचे ते आता नाहीत, आणि त्यांच्यासंबंधीची एक गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच मागे उरलो आहे.

भिलाईत पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी नकाशे उतरवून काढण्याच्या खात्यात ट्रेसर होतो. कवी दुर्गच्या जुन्या मराठी घराण्यातले, तिथल्याच एका शाळेत संस्कृतचे शिक्षक, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. कुठल्याशा निमंत्रणपत्रिकेवर माझे अक्षर पाहून ते एका रविवारी सायकलवरून माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "तुमच्या अक्षराला आशयाची गरज आहे. माझ्यापाशी आशय आहे." मला नाही म्हणता येत नाही, हा दोष जन्मापासूनचा. त्या दिवसापासून त्यांच्या कविता आणि त्यांचे अर्ज, दोन्ही मी उतरवू लागलो.

कविता त्यांच्या स्वतःच्या होत्या. अर्ज दुसऱ्यांसाठी असत. रिसाली गावाच्या अलीकडे मजुरांच्या झोपड्यांची एक ओळ होती. भंडारा-गोंदियाकडून कामासाठी आलेली, नुकतीच बौद्ध झालेली ती कुटुंबे. पुरुष पायाच्या खोदकामावर होते. बायका रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूरणी, म्हणून डोक्यावरून विटा आणि कालवलेला चुन्या-मातीचा गारा वाहत. कवींची सायकल एकदा त्या ओळीसमोर पंक्चर झाली. तिथल्या लोकांनी ती दुरुस्त करून दिली, वर चहा पाजला. कवींना कोणाचे उपकार ठेवून घेणे जमत नसे, म्हणून त्यांनी तिथेच एक कविता म्हटली. कवितेत हसण्यासारखे काही नव्हते, तरी ते लोक खळखळून हसले. कवींच्या कवितेची कोणीतरी मनापासून दखल घेण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी, कारण त्यानंतर ते दर रविवारी तिथे जाऊ लागले, आणि मागोमाग मीही.

त्या ओळीला पाणी नव्हते. हाकेच्या अंतरावर मुकादमांच्या लाइनीत नळ होता, पण तिथे या बायकांना घागर लावू देत नसत. कारण कोणी बोलून दाखवत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. पाळी संपल्याचा भोंगा झाला की त्या थकलेल्या बायका दूरच्या तळ्यावर जात, आणि उन्हाळ्यात तळे चिखलावर येई. नळासाठी पाणीपुरवठा पाहणाऱ्या अभियंता साहेबांना तीन अर्ज मी माझ्या सर्वोत्तम अक्षरात लिहिले होते. एकाचेही उत्तर आले नाही. उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा कवींनी ठरवले की गद्य संपले. आता साहेबांना कविताच ऐकवायची. बेचाळीस कडव्यांची.

पण आधी ती ज्यांच्याविषयी आहे त्यांना ऐकवणे त्यांना उचित वाटले. ओळीतली सगळी माणसे जमली. पुढे मावशी बसली. तिला सगळेच मावशी म्हणत आणि तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे. कवींनी सुरुवात केली, "हे घटधारिणी, वनलतेसम वाकलेली…"

"थांबा जी गुरुजी," मावशी म्हणाली. "वाकलेली कोन?"

"तुम्हीच. म्हणजे तुमच्यासारखी स्त्री. घागरीच्या भाराने."

"मी कुठं वाकली? वाकलं तं पानी सांडते. तुमी कधी घेतली काय घागर डोक्शावर?"

कवींनी घेतली नव्हती. कडवे गेले. पुढे गंगावतरण आले.

"ह्या जटा कोनाच्या?"

"शंकराच्या. स्वर्गातून गंगा येते, ती प्रथम…"

"काढा जी. आमाले नळ पायजे, जटा नाई."

मागून एक पुरुष म्हणाला, "गंगेलेच येवढा टाइम लागून रायला, तं नळाले किती लागन?"

सगळे हसले. मावशी मात्र एका शब्दावर हसली नाही. "अन् आमाले 'दीन' कावून लिवलं, गुरुजी? आमी मजुरी करून राहिलो. भीक नाई मागून राहिलो."

कवींनी तो शब्द स्वतःच्या हाताने खोडला. त्या वेळी त्यांचे कान लाल झाले होते. संध्याकाळपर्यंत बेचाळिसांपैकी नऊ कडवी उरली. परतताना ते म्हणाले, "संपादक म्हणून ही माणसे निर्दय आहेत." मात्र आवाजात अभिमान होता.

साहेब मूळचे नागपूरचे. "मी अभियंता असलो तरी मुळात रसिक आहे," असे ते आदल्या वर्षीच्या गणेशोत्सवात जाहीरपणे बोलून चुकले होते. एका दुपारी कवी, मावशी आणि मी त्यांच्या पत्र्याच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसलो होतो. मावशीने विचारले, "कोनती आनली?"

"तुम्ही मान्य केलेली. नऊ कडव्यांची."

"ते ठेवा. बेचाळीसवाली हाय काय?"

दोन्ही प्रती माझ्या पिशवीत होत्या. मी मान हलवली.

"मंग तेच वाचा साह्यबापुढं. सारी."

"जटांसकट?" कवींनी अविश्वासाने विचारले.

"जटा तं पायजेच. 'दीन' तेवढा नको."

कवींचे डोळे भरून आले. "पाहिलंत?" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अखेर त्यांनाही पटलं." मी मावशीकडे पाहिले. ती छताचे पत्रे निरखत होती.

आत वाचन सुरू झाले. पहिल्या कडव्याला साहेबांनी रसिकासारखे डोळे मिटले. पाचव्याला "वा" म्हणाले. नवव्याला घड्याळ पाहिले. बाराव्याला म्हणाले, "गुरुजी, भाव पोचला."

"भाव पोचला," कवी म्हणाले, "अजून गंगा पोचायची आहे."

चौदावे चालू असताना दारात एक रशियन तज्ज्ञ आणि त्यांचा दुभाषी उभे राहिले. साहेब सुटल्यासारखे उठले. पण दुभाष्याने काय सांगितले कोण जाणे. रशियन गृहस्थांनी टोपी काढली, नकाशाची गुंडाळी मांडीवर घेतली आणि स्टुलावर आदराने बसले. पाहुण्यांना मधूनच ऐकावे लागू नये म्हणून कवींनी पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली.

साहेबांनी केविलवाणेपणे माझ्याकडे पाहिले. मी माझ्या चपलांकडे पाहिले. एकोणिसावे कडवे अर्ध्यावर आले तेव्हा त्यांनी कागदांच्या चळतीतून आमचा अर्ज ओढून काढला आणि हलक्या आवाजात विचारले, "सही कुठे करू?"

मावशीला अक्षर येत नव्हते. तिने बोट नेमक्या जागी ठेवले. "इथं जी." सही वाळली तशी ती उठली. "गुरुजी, चला. साह्यबाले कामं असतीन." मागे रशियन गृहस्थ एकटेच टाळ्या वाजवत होते.

बाहेर कवी पुढे चालत होते, जवळजवळ तरंगत. मावशी मागे राहून मला म्हणाली, "बाबू, तुमाले समजलं ना?"

"समजलं."

"मंग त्याईले सांगू नका."

पंधरवड्यात ओळीपर्यंत पाइप आला. नळाला पाणी आले त्या संध्याकाळी बायकांनी घागरी भरून ठेवल्या आणि मग सगळी ओळ अंगणात येऊन बसली. कवींनी संकोचत विचारले, "नऊ कडव्यांची वाचू ना? देव काढलेली?"

"आज सारी वाचा जी," मावशी म्हणाली. "देव असू द्या. तेबी बसून ऐकतीन."

दिवसभर विटा वाहिलेली ती माणसे बेचाळीस कडवी संपेपर्यंत बसून राहिली. एकानेही टोकले नाही. अखेरीस मावशी म्हणाली, "चांगली हाय. आता पुन्हा नको."

पुष्कळ वर्षांनी कवी आजारी पडले, ते उठलेच नाहीत. मी भेटायला गेलो असता त्यांनी विचारले, "साहेबांना कोणतं कडवं भिडलं होतं हो? तुम्ही समोर होतात. सही कोणत्या कडव्याला झाली?"

मी म्हणालो, "एकोणिसाव्या."

ते कडवे बेचाळिसांत सर्वांत पडेल होते. त्यांनी ते माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहवून घेतले आणि पलंगासमोर भिंतीवर लावले. दोन दिवसांनी मावशी आली. भिंतीवरचा कागद तिने मला वाचून दाखवायला लावला, गंभीरपणे ऐकला आणि कवींना म्हणाली, "बराबर हाय, गुरुजी. हेच. याच्यावरच केली साह्यबानं सही."

कवी समाधानाने हसले. त्याच आठवड्यात ते गेले. मावशीलाही जाऊन आता बरीच वर्षे झाली. सही झाली तेव्हा एकोणिसावे कडवे चालू होते, यात तिळमात्र शंका नाही. तरीही विचारतो: मी त्या दिवशी खरे बोललो की खोटे?