पट्टेरी माशांची टाकी

आमचं हृदय संशोधन केंद्र बंद होतंय. काल शेवटचं जाऊन आलो, तेव्हा एकच टाकी चालू होती. बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे तिच्यात फिरत होते. या माशाच्या हृदयाचा तुकडा कापला, तरी ते पुन्हा भरून येतं.

केंद्र जगावं म्हणून मी देणगीदारांना हीच टाकी दाखवायचो. हृदयाला जन्मतः भोक असलेल्या मुलांच्या आयांनाही त्या दिवशी बोलवायचो. एकदा सुमनबाईंनी सर्वांदेखत विचारलं, "सर, आमच्या पिंकीचंही असंच भरेल का हो? मग चिरफाड कशाला?"

पाहुणे माझ्याकडे बघत होते. मी हसून म्हणालो, "भरेल की! थोडा धीर धरा."

त्यांनी धीर धरला. ऑपरेशन लांबवलं, आणि पिंकी गेली. आई अडाणी, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली. त्या अडाणी नव्हत्या. त्यांनी माझं ऐकलं होतं. संस्था जगवायला आशा लागते. ती मी त्यांच्या घरातून उचलून आणली, आणि संस्थाही जगली नाही.

निघताना टाकीच्या काचेवर हात टेकवला. सगळे मासे धावत आले. त्यांना वाटलं, मी काहीतरी खायला आणलंय.