तेल पाजलेला पट्टा

पहिला कट्टा अर्ध्या चढावर थांबला. खाली पट्टा फिरत होता, वर कट्टा जागच्या जागी. मग तो मागे घसरायला लागला. त्याने दुसऱ्याला धडक दिली, दोघांनी तिसऱ्याला, आणि तिन्ही कट्टे माझ्या धाकट्या जावेच्या अंगावर आले. ती पायथ्याशी चौथा कट्टा ठेवायला वाकली होती. एकेक कट्टा पन्नास किलो सोयाबीनचा. लाल बटण माझ्याजवळ होतं. ते दाबायला मला उशीर झाला नाही. पट्टा लगेच थांबला. कट्टे थांबले नाहीत.

ती ओरडली नाही. ओरडायला छातीत हवा लागते. मी आणि आमच्या बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंनी कट्टे ओढून बाजूला केले. खाली जाऊ धुळीने पांढरी झालेली, डावा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळलेला. ओठ हलत होते. मी कान लावला.

"माही चप्पल कुठी गेली?"

"हाये इथंच. पडून राह्य."

जी गाडी भरायची होती तिच्यातच ताडपत्रीवर तिला निजवलं आणि बुलढाण्याला नेलं. मोताळ्याहून जाताना घाट लागतो. गाडी चढायला लागली तशी ती मागे सरकू लागली, म्हणून मी तिच्या काखेत हात घालून बसले. डॉक्टर म्हणाले, चार बरगड्या मोडल्या आहेत, फुप्फुसाभोवती रक्त साचलंय. त्यांनी छातीत नळी घातली. पायाचं नंतर बघू म्हणाले. आधी तीन दिवस निघू द्या, मग बोलू.

पट्टा का घसरला ते मला तेव्हाच माहीत होतं.

आमच्या गटाचं सोयाबीन चाळायचं यंत्र आहे. माल चाळून, कट्टे शिवून गाडीत भरायचे. गाडीची उंची माणसापेक्षा जास्त, म्हणून चढता पट्टा. त्याचं एक टोक जमिनीलगत, दुसरं गाडीच्या फळीवर. पट्टा रबराचा, पण गुळगुळीत नाही. वरून कारल्याच्या सालीसारखा, बारीक बारीक दाणे उठलेला. त्या खरखरीने कट्टा धरून ठेवायचा आणि वर न्यायचा, एवढंच त्याचं काम.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. त्या दिवशी पुसापुशी माझ्याकडे होती. माझ्या सासऱ्यांकडे चार बैल होते. त्यांच्या घुंगरांचे चामडी पट्टे मी वर्षानुवर्षं जवसाचं तेल पाजून ठेवले. तेल पाजलं की कातडं तडकत नाही. हा पट्टाही काळा, हाही जुना, मधे मधे तडकलेला. मी घरून जवसाच्या तेलाची बाटली आणली आणि चिंधीने सगळा पट्टा चोळून काढला. दाण्यांच्या मधल्या फटीतसुद्धा बोट घालून तेल भरलं. काम करायचं तर नीट करते मी.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बाई, नवाच दिसून राह्यला हो पट्टा."

मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. रबराने चोवीस तास तेल पिलं. तिसऱ्या दिवशी आम्ही गाडी भरायला घेतली.

हे मी जावेला दवाखान्यात सांगितलं. दुसरा दिवस होता. तिच्या नाकात नळी, छातीत नळी. ती मेली असती तर सांगायचं राहून गेलं असतं, म्हणून घाई केली.

"पट्ट्याले तेल म्या लावलं होतं," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले. "मले माहीत हाये."

"कोनं सांगतलं?"

"तोंडावर कट्टा पडला तवा जवसाचा वास आला. आपल्या घरात जवस तूच खाते." मग थोडं थांबून, कारण तिला एका दमात बोलता येत नव्हतं, "आता जेवाले टाकजो त्याच्यात. पट्ट्याले नको."

तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला. डॉक्टर आत-बाहेर करत होते. त्याच दिवशी खामगावहून पट्ट्याचा मिस्त्री येणार होता. माझा दीर म्हणाला, तू इथं बसून काय करणार, जा. खरंच होतं. मी गेले.

मिस्त्रीने पट्ट्यावर हात फिरवला, बोट नाकाला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेल मीच लावलं हे त्याला कोणी सांगितलं होतं की काय माहीत नाही.

"आत्याबाई, रबर म्हंजे कातडं नाही. तेल पेते, फुगते, नरम पडते. मंग दाने लवतात, बुळबुळीत होतात अन् कट्टा घसरते."

"समजलं."

"पन सगळा दोष तेलाचा नाही." त्याने मला पट्ट्याचा मधला भाग दाखवला. कडेला दाणे उभे होते, मधे जिथे कट्टे बसतात तिथे घासून सपाट. "हे दोन वर्सं झाले असतील गेलेलं. कोनी पाह्यलंच नाही."

आम्ही पाहिलं होतं. सपाट दिसतं तर स्वच्छ आहे असं वाटलं होतं.

तिसरी गोष्ट त्याने दोरी लावून काढली. टिनाचा शेड वाढवला तेव्हा आम्ही पट्ट्याचा पायथा भिंतीसाठी दोन हात आत घेतला होता. त्याने चढ जास्तच उभा झाला. पायथा मागे घ्यायचा तर भिंतीचा कोपरा पाडावा लागणार होता. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, भिंत नवी आहे. मी म्हणाले, जाऊबी काही जुनी नाही. कोपरा पाडला.

नवीन पट्ट्यासाठी मिस्त्रीने तीन तुकडे आणले होते. एक गुळगुळीत. दुसऱ्यावर बोटभर उंच कंगोरे, बाणाच्या टोकासारखे मांडलेले. तिसरा आमच्या जुन्यासारखा खरखरीत. गटातल्या सगळ्या बायांना कंगोऱ्याचा आवडला. दिसायला तो मजबूत होता. मिस्त्री म्हणाला, तो मोकळ्या मालाला चालतो, गिट्टीला, रेतीला, सुट्या धान्याला, कट्ट्याला नाही. बायांचा विश्वास बसेना.

मी जुन्या दाराची फळी मागवली. तिच्यावर एकेक तुकडा ठोकला, वर भरलेला कट्टा ठेवला आणि फळीच्या एका टोकाखाली विटा सरकवत गेले. आमचे कट्टे प्लास्टिकचे, ज्यूटच्या पोत्यापेक्षा जास्त निसरडे, म्हणून तेच घेतले. गुळगुळीत तुकड्यावरून कट्टा चौथ्या विटेला सुटला. कंगोऱ्यावर तो सुटला नाही, पण डुलायला लागला. कंगोऱ्याच्या टोकांवरच बसला होता, खाली पोकळ. वरून ढकलला तर आडवा लोळला. खरखरीत तुकड्यावर सहा विटा झाल्या तरी कट्टा हलला नाही.

मग मी त्याच तुकड्यावर सोयाबीनची धूळ टाकली आणि पायाने दाबून बसवली. कट्टा चौथ्या विटेला सुटला.

"हे काऊन केलं?" अध्यक्षीणबाई.

"आपल्या इथं धूळच असते म्हून."

मिस्त्री हसला. पट्टा आणायला तुम्हालाच नेलं पाहिजे म्हणाला. मी त्याला विचारलं, "तेल लागलं तरी फुगत नाही असं रबर येते का?"

"आता कोन तेल लावनार हाये?"

"कोनी नाही. पन सोयाबीनच्या अंगात काय असते, तूप?"

तो म्हणाला, येतं. वेगळं रबर, वरची खरखर तीच. आम्ही ते घेतलं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले तर दीर बाहेर बाकावर बसलेला. आत गेले. तापाचा जोर तसाच होता. तिला माणूस ओळखू येत नव्हतं. मला ती आई म्हणाली. तिची आई माझ्याहून गोरी होती, त्यावरून ताप किती होता ते समजावं. मी तिला पट्टा कोणता घेतला ते सांगितलं. विटांचंही सांगितलं. दुसरं काही बोलण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

ताप पाचव्या दिवशी उतरला. नळी नवव्या दिवशी काढली. पायात धातूची पट्टी घातली, स्क्रू घातले.

नवा पट्टा चढवला तेव्हापासून त्याचं सगळं माझ्याकडे आहे. दर सोमवारी, बटण चालू करायच्या आधी, तारेचा नाही, काथ्याचा कडक ब्रश घेऊन दाण्यांच्या ओळींतून धूळ काढते. महिन्यातून एकदा साबणाचं पाणी, नंतर कोरडं होऊ द्यायचं. ओल्यावर चालवायचा नाही. परतीच्या बाजूला पट्टा उलटा होतो आणि खरखर खालच्या रोलरांवर घासते, त्यामुळे रोलरांवर धुळीचे थर बसतात. तेही खरवडते. थर एका बाजूला जाड झाला की पट्टा दुसऱ्या कडेला पळतो आणि लोखंडाला घासून फाटतो. पट्टा ढिला झाला तर ताणायचा, पण वीणेच्या तारेसारखा नाही, जोड उकलतो. मधल्या दाण्यांवरून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला टोचलं पाहिजे. ज्या दिवशी टोचणार नाही त्या दिवशी पट्टा काढायचा, मग तो कितीही स्वच्छ दिसो. आणि पट्टा चालू असताना पायथ्यासमोर कोणी उभं राहायचं नाही, कट्टा बाजूने ठेवायचा. यासाठी मी जमिनीवर पिवळी रेघ ओढून घेतली. गटातल्या एकदोघी रेघेला हसतात. हसतात त्या रेघेच्या बाहेर उभ्या राहून.

खंडेनवमीला आता पूजा पट्ट्याच्या मोटरच्या लोखंडी पायाची होते. कोरडं कुंकू, दोन झेंडूची फुलं. नारळ अंगणात फोडतात.

जाऊ उन्हाळ्यात पहिल्यांदा परत आली. काठी घेऊन पट्ट्याच्या बाजूने चालत गेली, वाकली, दाण्यांवर अंगठा दाबला आणि अंगठा माझ्यासमोर धरला. त्यावर बारीक खड्डे उठले होते.

"अजून तेल पाजलं नाही वाटते," ती म्हणाली.

"तुले पाजू का?"

"जेवतानी पोयीवर टाकून दे."

मी तिला पायथ्याला उभं राहू दिलं नाही. तिला लाल बटणाजवळ स्टूल दिलं. आता तीच बटण सांभाळते. कट्टा जरा हलला की दाबते, उगाचसुद्धा दाबते. त्यामुळे गाडी भरायला वेळ जास्त लागतो. गाडीवाले कुरकुरतात. अध्यक्षीणबाई त्यांना चहा देतात.

चालताना डावा पाय तिला फेकत टाकावा लागतो आणि थंडीत बरगड्या दुखतात. त्या दिवशी चढाजवळ ती, मी आणि अध्यक्षीणबाई अशा तिघी होतो. कट्ट्यांखाली गेली ती एकटीच, आणि ती जगली.